हाकेला ओ देणारी खिडकी

आमची वहिनी एका वेळी एकच काम करते. हे मी कौतुकाने सांगतोय की तक्रारीने, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. दूध तापायला ठेवलं की ती दुधाकडे बघत उभी राहते. मधे फोन वाजला तर वाजतो, दार वाजलं तर वाजतं. दूध वर येणार, गॅस बंद होणार, मग वहिनी दाराकडे वळणार. जिना चढताना तर तिला काही विचारायची सोयच नाही. पाचव्या पायरीवर प्रश्न विचारलात तर ती पाचव्या पायरीवर थांबते, नीट विचार करते, उत्तर देते आणि मग सहावी पायरी चढते. मागून कोणी सामान घेऊन येत असेल तर त्याने तोवर ते डोक्यावर धरून उभं राहायचं. मी राहिलोय. गादी होती.

वर आमचं घर आणि खाली फर्निचरचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. एका भिंतीला प्लायवूडच्या शीटची थप्पी, मधोमध मोठी टेबल-करवत, आणि जिन्याखालच्या कोपऱ्यात वहिनीचा संगणक, भुसा जाऊ नये म्हणून प्लास्टिकच्या कपड्याखाली. कारभार माझ्या थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे. वहिनी त्याची बायको. आमचे वडील, नाना, आता काम करत नाहीत, पण करवतीजवळच्या स्टुलावर बसून आम्ही कसं करतो ते बघतात, आणि त्याचा त्रास काम करण्यापेक्षा जास्त होतो. मी धाकटा. मी करवतीच्या मागे उभा राहून कापलेली फळी ओढून घेतो आणि दिवसभर बोलतो.

लग्नाआधीपासून वहिनी एका ऑफिसात संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची. ते ऑफिस बंद पडलं आणि ती खाली कारखान्यात येऊन बसायला लागली. तेव्हा कुठल्या शीटमधून कुठली फळी काढायची हे दादा कागदावर आखायचा, आणि उरलेल्या तुकड्यांचा ढीग खिडकीपर्यंत जायचा. वहिनीने तीन महिने नुसतं बघितलं. मग 'आखणी' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याला फळ्यांची यादी द्यायची, लांबी, रुंदी, लाकडाची रेघ उभी की आडवी. तो सगळ्या फळ्या कमीत कमी शीटमध्ये बसवून कुठे कापायचं त्याचं चित्र काढून देतो. करवतीचं पातं जेवढं लाकूड खातं तेवढंसुद्धा धरतो. ढीग गुडघ्यापर्यंत आला. आठ वर्षं हे असंच सुरळीत चाललं होतं आणि कोणी तिला शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही. मीही दिली नव्हती.

त्या प्रोग्रॅममध्ये एकच खोड होती. तो मालकिणीवर गेला होता. मांडणी करायला बसला की दुसरं काही ऐकायचा नाही. माऊस हलवा, बटणं दाबा, ढिम्म. पडद्यावरची खिडकी पांढरी फटक पडायची आणि वर लिहून यायचं, प्रतिसाद देत नाही. एका कपाटाला दहा-पंधरा सेकंद लागत, त्यामुळे कोणाचं काही अडत नसे.

आता आमच्या कारखान्याचा नियम सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यातून झाली. करवतीवर एक माणूस पुढे असतो, तो शीट ढकलतो. एक मागे असतो, तो फळी ओढतो. मधे शीट उभी-आडवी असली की पुढच्याला मागचा दिसत नाही. म्हणून पुढच्याने दर थोड्या वेळाने हाक मारायची, "आहेस का?" आणि मागच्याने लगेच ओ द्यायची, "आहे!" ओ आली नाही तर विचार करत बसायचं नाही. जो जवळ असेल त्याने प्लग उपटायचा. बटण नव्हे, प्लग. नानांचा बटणावर विश्वास नाही. नानांच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं आहेत. त्यांच्या तरुणपणी एकदा त्यांच्या थोरल्या भावाने हाक न मारताच करवत चालू केली होती, त्या दिवशीपासून हा नियम आहे.

तर एका शाळेचं काम आलं. चौसष्ट कपाटं, एका कपाटाला चौदा फळ्या, म्हणजे आठशे शहाण्णव फळ्या. एवढं मोठं काम आम्ही कधी केलेलं नव्हतं. सोमवारी सकाळी वहिनीने सगळी यादी भरली, मांडणी सुरू केली आणि स्वयंपाकाला वर गेली, कारण दोन गोष्टींवर लक्ष ठेवणं तिच्या स्वभावात नाही. पाच मिनिटांनी माझी नजर कोपऱ्यात गेली. खिडकी पांढरी. मी माऊस हलवला. काही नाही. आणखी पाच मिनिटं गेली. तरी पांढरी. मी प्लग उपटला.

वहिनी खाली आली तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, मेला तो." मला खरंच तसं वाटत होतं. मंगळवारी सकाळी परत मेला. दुपारीही मेला. दादाच्या कपाळावर आठ्या चढल्या. बुधवारी त्याने जाहीर केलं की तयार प्रोग्रॅम विकणारा एक माणूस शनिवारी अकराला येतोय. "तोपर्यंत तुझा चालला तर ठीक," तो वहिनीला म्हणाला, "नाहीतर त्याचा घ्यायचा. शाळा थांबणार नाही."

वहिनी तिथून निघाली. जिन्यात जाऊन बसली, पाचव्या पायरीवर. मी तिसऱ्या पायरीवर बसलो.

"तो नवा प्रोग्रॅम चालवायला त्यांचाच माणूस येणार म्हणे, भाऊजी," ती म्हणाली. "मग मी तिथे बसून काय करायचं? भुसा झाडायचा? आठ वर्षं मला वाटत होतं की हा कारखाना जरा माझाही आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं. तेवढ्यात मला एक गोष्ट सुचली जी सोमवारीच सुचायला हवी होती.

"वहिनी," मी म्हणालो, "तो आपोआप बंद पडत नव्हता. मी प्लग काढत होतो."

"काय?"

"तिन्ही वेळा."

वहिनीचा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशी चढला. "अहो, पण का?"

"हाक मारली, ओ आली नाही. माऊस हलवला, चार ठिकाणी टिचक्या मारल्या, खिडकी पांढरीच. वर तो स्वतःच लिहितोय की मी प्रतिसाद देत नाही म्हणून. मग मी काय करणार? आपल्या नियमाप्रमाणे केलं."

मला वाटलं आता चांगलीच खरडपट्टी निघणार, आणि निघाली असती तर बरं झालं असतं. पण ती हळूच म्हणाली, "तुमचं बरोबर आहे."

मग ती उठून खाली आली आणि आम्हाला म्हणाली, एक शीट कापा. दादाला काही कळेना, पण बायकोचा चेहरा बघून त्याने शीट उचलली. तो पुढे, मी मागे, नाना स्टुलावर, आणि वहिनी दूध बघते तशी आमच्याकडे बघत उभी. दादा ओरडला, "आहेस का?" मी फळी ओढता ओढता ओरडलो, "आहे!"

"भाऊजी, ओ देताना तुमचे हात थांबले नाहीत," वहिनी म्हणाली.

"तोंडाचं खातं वेगळं आहे," मी म्हणालो. "आमची ही म्हणते, तेच जास्त चालतं."

"माझ्या प्रोग्रॅममध्ये एकच माणूस आहे. तोच मांडणी करतो आणि त्यालाच ओ द्यायची असते. तो मान खाली घालून बसला की ओ कोण देणार?" मग तिने मला समजावलं की प्रोग्रॅममध्ये एकाऐवजी अनेक माणसं ठेवता येतात. त्यांना थ्रेड म्हणतात. एकाने फक्त खिडकीत उभं राहायचं, हाकेला ओ द्यायची, चित्र दाखवायचं. बाकीच्यांनी मागे बसून मांडणी करायची. आमच्या संगणकात तर एकाच वेळी चार जण राबू शकतात.

"म्हणजे आठ वर्षं तिघं जण बसून खात होते?" मी विचारलं.

"मीच बसवलं होतं त्यांना."

आणि मग तिने ते सांगितलं जे दादालाही माहीत नव्हतं. जुन्या ऑफिसात तिने एकदा असे दोन थ्रेड लावले होते. दोघांनी एकाच यादीत एकदम लिहिलं आणि एका ग्राहकाचा माल दुसऱ्याच्या नावावर छापून गेला. साहेबाने सगळ्यांसमोर तिची शोभा केली. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. एक माणूस, एक काम. मला वाटायचं तिचा हा स्वभाव जन्माचा आहे. प्रोग्रॅमच्या बाबतीत तरी ती भीती होती.

गुरुवारी सकाळी वहिनी संगणकापुढे बसली. स्वयंपाक माझ्या बायकोने केला, दूध उतू गेलं आणि कोणी त्याचं काही वाटून घेतलं नाही. दुपारी तीनला वहिनीने आम्हाला बोलावलं. एक जण खिडकीत, तीन जण मागे. खिडकी जिवंत होती. खाली एक हिरवी पट्टी सरकत होती, वर एकेक शीटचं चित्र येत होतं, आणि कोपऱ्यात एक बटण होतं. त्यावर लिहिलं होतं, 'आहेस का?' मी दाबलं. लगेच आलं, 'आहे!' मी परत दाबलं. 'आहे!' मी आणखी सहा वेळा दाबलं. शेवटी दादाने माझा हात धरला.

मांडणी संपली. आम्ही पहिली चार चित्रं छापून घेतली आणि कापायला लागलो. चौथ्या शीटला नाना स्टुलावरून उठले, नुकत्याच कापलेल्या फळीवरचा नंबर वाचला आणि म्हणाले, "ही दोनशे बारा नंबरची फळी मघाशी कापून झाली."

खरंच होती. पहिल्या शीटमध्येही दोनशे बारा, चौथ्यातही दोनशे बारा. वहिनीने यादी तपासली तर अशा सतरा फळ्या दोनदा आल्या होत्या, आणि सतरा फळ्या कुठेच नव्हत्या. तिचा चेहरा पांढरा पडला, अगदी जुन्या खिडकीसारखा. "तेच झालं," ती म्हणाली. "मला माहीत होतं तेच होणार." दादाने हातातली फळी भिंतीला टेकवली आणि बाहेर गेला.

नाना मात्र स्टुलावर परत बसले आणि आमच्या कुठल्याही भांडणात ते विचारतात तोच प्रश्न त्यांनी विचारला. "पेन्सिल कोणाकडे होती?"

हाही आमचा नियमच. कारखान्यात खुणा करायची पेन्सिल एकच. ती करवतीजवळ दोरीला बांधलेली असते. ज्याच्या हातात पेन्सिल त्याने फळीवर खूण करायची, यादीतला तो नंबर खोडायचा, पेन्सिल सोडायची. बाकीच्यांनी मोजावं, विचार करावा, वाद घालावा, पण खूण करायची असेल तर पेन्सिल मिळेपर्यंत थांबावं. पूर्वी प्रत्येकाच्या कानावर आपापली पेन्सिल असायची तेव्हा एकच फळी दोघं कापून ठेवायचे.

वहिनी म्हणाली, "तिघांकडे तीन होत्या, नाना."

"मग होणारच की, सूनबाई," नाना म्हणाले. "त्यात रडायचं काय? दोन काढून घे."

वहिनी दोरीला लटकणाऱ्या त्या पेन्सिलीकडे बघत बसली. ती रोज सकाळी तिच्या डोळ्यांसमोर असायची. मग तिने पदराने डोळे पुसले आणि परत खुर्चीवर बसली. यात शोध काही नव्हता, हे ती नंतर स्वतःच म्हणाली. हा उपाय पुस्तकात होता आणि तिला पाठही होता. पण पुस्तकातला उपाय आणि त्या साहेबाचा आवाज तिच्या डोक्यात शेजारी शेजारी बसले होते. नानांनी साहेबाला उठवलं.

शुक्रवारी दिवसभर ती तपासत होती. यादीतली फळी उचलायची तर आधी पेन्सिल घ्यायची, उचलली की खोडायची, पेन्सिल सोडायची. खिडकीत चित्र लावायचं काम फक्त खिडकीतल्याचं. मागच्यांनी खिडकीला हात लावायचा नाही, चित्र त्याच्या हातात द्यायचं आणि मागे फिरायचं. संध्याकाळपर्यंत तिने पूर्ण काम अकरा वेळा चालवलं, आणि अकराही वेळा स्वतः यादी वाचली. मी म्हणालो, "वहिनी, पुरे आता." ती थांबली, विचार केला, म्हणाली, "नाही," आणि बाराव्यांदा चालवलं.

शनिवारी अकराला विक्रेता आला. पांढरा शर्ट, चकचकीत बूट. भुशातून चालताना तो बगळ्यासारखा पाय उचलत होता. त्याने आपला लॅपटॉप आमच्या प्लायच्या थप्पीवर मांडला. दादा म्हणाला, दोघांना तीच यादी द्या, बघू.

दोन्ही प्रोग्रॅम एकदम सुरू झाले. वहिनीची हिरवी पट्टी सरकायला लागली. विक्रेत्याची खिडकी पांढरी पडली. माझा हात आपोआप प्लगकडे निघाला, पण लॅपटॉपला प्लगच नव्हता. "तसं होतं," विक्रेता हसून म्हणाला, "काळजी करू नका." आणि चार मिनिटांत त्याची मांडणी तयार! एकशे एकतीस शीट. दादाने मान डोलावली.

वहिनीची पट्टी सहाव्या मिनिटाला थांबली. सहाशे अकरा फळ्या झाल्या होत्या. त्यानंतर काहीच हलेना. आम्ही सगळे बघतोय, आणि पट्टी जागच्या जागी. विक्रेता खाकरला. दादा म्हणाला, "गेला." वहिनी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि तिची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती. माझा हात पुन्हा निघाला. खोटं कशाला बोलू, तो प्लगवर पोचलासुद्धा होता.

"अरे," नाना स्टुलावरून ओरडले, "आधी हाक मार की!"

मी वाकून बटण दाबलं. 'आहेस का?'

लगेच आलं, 'आहे! लांब फळ्या बसवतोय.'

माझा जीव भांड्यात पडला. मी मोठ्याने वाचून दाखवलं. एक मिनिट गेलं. पट्टी पुन्हा सरकली, आणि नवव्या मिनिटाला सगळं संपलं. एकशे एकतीस शीट. वहिनीने यादी पडताळली, एकही फळी दोनदा नाही, एकही गायब नाही.

"छान आहे हं," विक्रेता मोठ्या मनाने म्हणाला. "शीट तेवढ्याच. पण आमच्याला चार मिनिटं लागली, यांना नऊ."

दादा काही बोलणार तेवढ्यात नाना स्टुलावरून उठले. लॅपटॉपजवळ गेले. "मघाशी हा पांढरा पडला होता," ते म्हणाले. "तेव्हा हाक मारली असती तर ओ दिली असती का?"

"नाही, काका. पण त्याची गरजच पडत नाही. आत काम चालूच असतं. सगळं ठीकच असतं."

नानांनी डावा हात वर केला आणि त्याच्या नाकासमोर साडेतीन बोटं पसरली. "सगळं ठीक असेल," ते म्हणाले, "असं आमच्या थोरल्या भावालाही वाटलं होतं."

विक्रेत्याने बोटं मोजली. मी बघत होतो, त्याने दोनदा मोजली. मग त्याने लॅपटॉप मिटला, चहाही घेतला नाही, आणि परत जाताना त्याने पाय जरा जास्तच भराभर उचलले.

नाना जागेवर जाऊन बसले. मी थप्पीवरची पहिली शीट खाली घेतली. वहिनी संगणकापुढे होती, झालेली मांडणी जतन करत होती, आणि आमच्याकडे तिची पाठ होती. दादा तिच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. आमच्या दादाला शब्द सापडायला वेळ लागतो, आणि या शब्दांना तर आठ वर्षं उशीर झाला होता. तो एकदा खाकरला. मानेवरचा भुसा झाडला. मग जी एकच हाक त्याला नीट मारता येते तीच त्याने मारली, पण इतक्या हळू आवाजात की मी ती आधी कधी तशी ऐकली नव्हती.

"आहेस का गं?"

वहिनीने आधी फाइल जतन केली. मग जतन झाली का ते पुन्हा उघडून बघितलं. मग खिडकी बंद केली, प्लास्टिकचा कपडा पसरला, त्याची चारही टोकं सारखी केली. दादा उभाच होता.

मग ती वळली.

"आहे," वहिनी म्हणाली.